मुलांच्या न्यायाचा हिशेब

(आंजी (मोठी), जि. वर्धा येथे वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला बालकांच्या हक्कांवर बोलायला सांगितले आहे. हा विषय समुद्रासारखा आहे. त्यातली एकच ओंजळ मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. अनाथ, निराधार, छळ झालेल्या किंवा हातून गुन्हा घडलेल्या मुलांसाठी शासनाने वेगळी न्यायव्यवस्था उभी केली आहे. तिला पैसा कोठून येतो, तिने आपल्या कामाचा अहवाल कोणाला द्यायचा असतो, आणि त्या अहवालाशी आंजीसारख्या गावाचा काय संबंध, एवढेच मी बोलणार आहे.

कोणी म्हणेल, विहारात धम्म सांगावा, येथे कचेरीतल्या जमाखर्चाची चर्चा कशाला? पण बंधू-भगिनींनो, ज्या मुलांविषयी आपण बोलतो आहोत ती कोणाची मुले आहेत? नापिकी आणि कर्जापायी ज्यांचा बाप गेला, कोरोनात ज्यांची आई गेली, कापूस वेचणीच्या हंगामात ज्यांची शाळा बुडाली, ती मुले बहुतेक करून गरिबाचीच असतात. श्रीमंताच्या मुलाला काका-मामा असतात, वकील असतो, ओळखी असतात. गरिबाच्या मुलाला कायदा असतो. आणि कायद्याला पैसा व देखरेख नसेल तर त्याला तोही नसतो. म्हणून हा विषय विहाराचाच आहे.

प्रथम ही व्यवस्था समजून घेऊ. आज देशात लागू असलेला बाल न्याय कायदा २०१५ सालचा आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला आणि २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात दोन पीठे सांगितली आहेत. पहिले बाल न्याय मंडळ. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप असेल तर त्याची चौकशी येथे होते. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असे हे तिघांचे मंडळ असते, व त्या दोघांपैकी एक तरी स्त्री असावीच लागते. दुसरे पीठ म्हणजे बाल कल्याण समिती. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल, मग ते अनाथ असो, टाकलेले असो, भीक मागताना सापडलेले असो की घरात मारहाण सोसणारे असो, या समितीपुढे येते. अध्यक्ष आणि चार सदस्य मिळून ही समिती होते. तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. महिन्यातून किमान वीस दिवस तिने बसावे, असे कायदा म्हणतो. सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे आणले पाहिजे. या दोहोंखेरीज तिसरे स्थान म्हणजे लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्याने सांगितलेली विशेष न्यायालये.

ही व्यवस्था एका दिवसात आली नाही. मुंबई इलाख्याने मुलांसाठी पहिला स्वतंत्र कायदा १९२४ साली केला. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांताचा कायदा १९२८ सालचा. प्रांत बदलला की मुलाचा कायदा बदलत असे, आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे तसेच चालले. मुले मोठ्यांच्या तुरुंगात ठेवली जात. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ साली न्यायालयाने या प्रकरणात राज्यांना मुलांना तुरुंगात ठेवू नका असे बजावले आणि जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी देऊन मुलांची माहिती कळवायला सांगितले. त्याच वर्षी संसदेने देशभरासाठी बाल न्याय कायदा केला. २००० साली दुसरा आला, २०१५ साली तिसरा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शीला बर्से यांच्या प्रकरणात न्यायालयाने अगदी पहिल्यांदा जे मागितले ते होते मोजमाप. कोणत्या तुरुंगात किती मुले आहेत? जे मोजलेले नाही त्याच्यासाठी ना हुकूम निघतो, ना पैसा.

आता पैशाकडे येऊ. बाल कल्याण समितीच्या सदस्यांना बैठकीचा भत्ता द्यावा लागतो. २०१६ च्या आदर्श नियमांत तो बैठकीमागे किमान दीड हजार रुपये धरला आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तेथील अधिकारी, समुपदेशक, बालगृहे, निरीक्षणगृहे यांनाही खर्च लागतो. २००९-१० पासून हा खर्च एकात्मिक बाल संरक्षण योजनेतून होऊ लागला. २०२१-२२ पासून तिचे नाव मिशन वात्सल्य झाले. महाराष्ट्रासारख्या राज्यात शंभरातले साठ रुपये केंद्राने आणि चाळीस राज्याने द्यायचे, अशी वाटणी ठरली. पण केंद्राचे साठ आपोआप येत नाहीत. आधीचा पैसा कसा खर्च झाला याचा हिशेब आणि पुढच्या वर्षाची योजना राज्याला पाठवावी लागते. जिल्ह्याने राज्याला माहिती द्यायची, राज्याने दिल्लीला. खालच्या एखाद्या कार्यालयाकडून माहिती उशिरा गेली की वरचा हप्ता लांबतो, आणि त्याचा भार शेवटी कोणत्या तरी बालगृहातल्या मुलाच्या ताटावर पडतो.

मोजमापातून पैसा कसा उभा राहतो, याचे अलीकडचे एक ठळक उदाहरण सांगतो. २०१९ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि देशभरातून आकडे मागवले. १ जानेवारी ते ३० जून २०१९ या सहा महिन्यांत २४,२१२ गुन्हे नोंदले गेले होते. त्यांपैकी १२,२३१ प्रकरणांत दोषारोपपत्र दाखल झाले होते, ६,४४९ प्रकरणांत खटला सुरू झाला होता, आणि निकाल लागला होता फक्त ९११ प्रकरणांत. काळ सहा महिन्यांचाच होता हे मान्य केले, तरी शंभरात चार निकालही नाहीत. हे आकडे समोर आल्यावर २५ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने आदेश दिला की ज्या जिल्ह्यात अशी शंभरांहून अधिक प्रकरणे आहेत, तेथे केवळ याच कामासाठी न्यायालय उभारा आणि त्याचा खर्च केंद्राने द्यावा. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून केंद्राने निर्भया निधीतून जलदगती विशेष न्यायालयांची योजना सुरू केली. एकूण १,०२३ न्यायालये आखली गेली, त्यांतली ३८९ फक्त पॉक्सोची. एका न्यायालयाला वर्षाला ७५ लाख रुपये, एक न्यायाधीश आणि सात कर्मचारी. सर्वांचा मिळून वर्षाचा हिशेब ७६७ कोटी २५ लाख रुपये. योजना पुढे वाढवत नेली आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मार्च २०२६ पर्यंत मुदत देऊन १,९५२ कोटींहून अधिक रकमेस मंजुरी दिली.

हे सारे कशातून झाले? आकडे मागितले गेले म्हणून. तेच आकडे तालुक्यातालुक्यांच्या दप्तरात आधीही होते. कोणी त्यांची बेरीज मागितली नव्हती, एवढेच.

मित्रहो, परमपूज्य बाबासाहेबांना ही गोष्ट फार लवकर कळली होती. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, पण ते अर्थशास्त्राचे पंडित होते हे पुष्कळदा विसरतो. १९२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरच आहे. केंद्राने पैसा द्यावा आणि प्रांताने खर्च करावा या नात्याचा त्यांनी त्यात कसून विचार केला. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी एक साधा हिशेब मांडला. सरकार दारूच्या करातून माणशी किती घेते आणि शिक्षणावर माणशी किती खर्च करते? जेवढे घेता, निदान तेवढे तरी शिक्षणावर द्या, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदावर चर्चा चालली असता त्यांनी सांगितले की राज्यघटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. हक्क लिहिणाऱ्या माणसाने हिशेब तपासणाऱ्याला एवढे मोठे स्थान द्यावे, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. हिशेबावाचून हक्क कागदावरच राहतो.

भगवान बुद्धांनी तर ही गोष्ट एका मुलालाच शिकवली. मज्झिम निकायात राहुलाला केलेला एक उपदेश आहे. तथागत बाल राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल सांगतो, पाहण्यासाठी. तेव्हा तथागत म्हणतात, तसेच प्रत्येक कर्म पाहून पाहून करावे. करण्यापूर्वी पाहावे, करीत असता पाहावे आणि करून झाल्यावरही पाहावे. याने मला किंवा दुसऱ्याला पीडा तर होत नाही ना? आणि पीडा झाली असेल तर ते झाकू नये, जाणत्या माणसापुढे उघड करावे. अहवाल म्हणजे हाच आरसा. शासनाने काम करण्यापूर्वी योजना करावी, काम चालू असता आढावा घ्यावा, झाल्यावर लेखा द्यावा. धम्माने जे एका माणसाला सांगितले तेच कायद्याने कचेरीला सांगितले आहे.

राहुलाचीच आणखी एक गोष्ट विनयात आहे. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा आजोबा शुद्धोदन यांना फार दुःख झाले. त्यांनी तथागतांपुढे जाऊन विनंती केली की यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ती विनंती ऐकली आणि संघासाठी तसा नियम केला. एका आजोबांचे दुःख ऐकून घेतले गेले आणि त्यातून पुढच्या सगळ्या मुलांसाठी नियम झाला. गाऱ्हाणे ऐकण्याची जागा असली म्हणजे काय घडते, ते यातून दिसते.

आपल्या कायद्यातही हा आरसा बसवला आहे. बाल कल्याण समितीने किती प्रकरणे निकाली काढली आणि किती पडून आहेत याचा अहवाल दर तीन महिन्यांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना, द्यायचा असतो. त्यांनी समितीच्या कामाचा तिमाही आढावा घ्यायचा असतो. बाल न्याय मंडळापुढील प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचा असतो, आणि त्याच्या वर राज्य पातळीवरची समिती दर सहा महिन्यांनी. बालगृहांची तपासणी निरीक्षण समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी करायची असते. समितीच्या कामाबद्दल मुलाला किंवा त्याच्याशी संबंधित कोणालाही तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते आणि त्यांना तिची दखल घ्यावीच लागते. कायद्यात कमी ठेवलेले नाही.

मग उणे कोठे आहे? पहिले उणे माणसांचे. समितीची मुदत तीन वर्षांची. मुदत संपते, नवी नेमणूक लांबते, आणि तोवर फायली थांबतात. संपूर्णा बेहुरा यांनी २००५ साली दाखल केलेल्या जनहित याचिकेचा निकाल ९ फेब्रुवारी २०१८ रोजी लागला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने रिक्त जागा भरण्याकडे सर्व राज्यांचे लक्ष वेधले आणि उच्च न्यायालयांनी या कायद्याच्या अंमलबजावणीवर स्वतःहून लक्ष ठेवावे असे सुचवले. तेरा वर्षांत त्या याचिकेच्या वेळी जन्मलेले मूल सातवी-आठवीत गेले असेल!

दुसरे उणे उघडेपणाचे. इतर न्यायालयांत किती खटले पडून आहेत हे आज राष्ट्रीय न्यायिक माहिती जालावर कोणालाही पाहता येते. बाल न्याय मंडळांची तशी माहिती लोकांसमोर नाही. म्हणून काही अभ्यासकांनी माहितीच्या अधिकारात देशभर अर्ज करून ती गोळा केली आणि २०२५ साली ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या अभ्यासात मांडली. ऑक्टोबर २०२३ अखेर या मंडळांपुढील निम्म्याहून अधिक, म्हणजे शंभरात ५५ प्रकरणे प्रलंबित होती. दर चार मंडळांपैकी एकात पुरते तिघेजण नेमलेले नव्हते. कायद्याने अहवाल दर तीन महिन्यांनी सांगितला आहे आणि तरीही देशाचे चित्र पाहायला अर्जावर अर्ज करावे लागतात, म्हणजे आरसा आहे पण भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे.

तिसरे उणे अहवालाच्या स्वरूपाचे. जलदगती न्यायालयाने वर्षाला किमान १६५ प्रकरणे निकाली काढावीत, अशी अपेक्षा ठेवली गेली. अपेक्षा असावी, त्यावाचून काम हलत नाही. पण केवळ आकडा भरायचा म्हटले की सोपी प्रकरणे आधी घेतली जातात, अवघड मागे राहतात. समितीने मूल बालगृहात पाठवले, फाईल बंद झाली, आकडा एकाने वाढला. त्या मुलाला मावशी होती का, आजी सांभाळायला तयार होती का, थोडी मदत दिली असती तर ते गावातल्याच शाळेत शिकले असते का, हे त्या रकान्यात दिसत नाही. म्हणून अहवालात दोन प्रश्नांना जागा हवी. किती प्रकरणे निकाली निघाली हा पहिला, आणि सहा महिन्यांनी ते मूल कोठे आहे, शाळेत जाते काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावाचून पहिल्याचे उत्तर अर्धेच.

कायदा म्हणतो की समितीपुढे आलेल्या मुलाची सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत. चार महिने मोठ्या माणसाला थोडे वाटतात. शेतीच्या खटल्यात तर दोन पिढ्या जातात. परंतु सहा वर्षांच्या मुलाचे चार महिने म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष. तेवढ्यात ते पाढे विसरते, सोबती विसरते, कधी घराची बोली विसरते. मुलाच्या न्यायाला उशीर झाला तर नंतर मिळालेला न्याय दुसऱ्याच माणसाला मिळतो, कारण ते मूल तोवर मूल राहिलेले नसते.

आता आंजीकडे वळू. समजा, आपल्या वस्तीतल्या एका घरातला कर्ता माणूस गेला. विधवा माय रोजमजुरी करते, दोन लेकरे आहेत. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना अशाच लेकरांसाठी आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे, आणि २०२३ पासून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये असा दर झाला. त्याआधी तो १,१०० रुपये होता आणि त्याहीपूर्वी ४२५. मूल बालगृहात न धाडता कुटुंबातच वाढावे हा तिचा हेतू. एक पालक हयात असला तरी मूल पात्र ठरू शकते, हे पुष्कळांना माहीत नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जातो, घरी चौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. म्हणजे पाहा, या मायेच्या चुलीचा संबंध थेट समितीच्या बैठकीशी आहे. समिती बसली नाही तर आदेश नाही. आदेश नाही तर पैसा नाही. आणि अर्जच गेला नाही तर समितीच्या अहवालात ते लेकरू नाही. जे अहवालात नाही त्याच्यासाठी पुढच्या वर्षीच्या योजनेत रक्कम धरली जात नाही. वरून पैसा कमी येतो अशी तक्रार आपण करतो. परंतु वरच्या माणसाला खालचे लेकरू दिसेल असे आपण काय केले, हेही स्वतःला विचारले पाहिजे.

म्हणून आपल्या समाजाने, आणि विशेषतः आपल्या संस्थेने, पाच कामे हाती घ्यावीत असे मी सुचवतो.

पहिले काम ग्राम बाल संरक्षण समितीचे. प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ही समिती असायला हवी. अंगणवाडी सेविका तिच्या सचिव असतात. आंजीत ती कागदावर आहे की बसते, तिचे इतिवृत्त लिहिले जाते काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. तिच्या वहीत गावातली एकूण निराधार मुले किती, शाळा सोडलेली किती, बालसंगोपनाचा अर्ज केलेली किती, आणि लाभ मिळालेली किती, हे चार आकडे दर तीन महिन्यांनी लिहिले जावेत.

दुसरे काम ग्रामसभेचे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर आणि पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. तो खर्च कशावर झाला, हे ग्रामसभेत शांतपणे विचारावे. भांडणाच्या सुरात विचारले की उत्तर मिळत नाही, वैर मात्र मिळते. वहीतले आकडे हातात घेऊन विचारावे.

येथे एक सावधगिरी सांगतो, कारण ती फार महत्त्वाची आहे. ग्रामसभेत आकडे सांगायचे, नावे नाही. अत्याचार झालेल्या किंवा गुन्ह्यात अडकलेल्या मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मोबाईलवर पुढे धाडलेला एक फोटोही यात येतो. पण शिक्षेची भीती बाजूला ठेवली तरी करुणा हेच सांगते. गावात एकदा नाव फुटले की ते लेकरू जन्मभर त्या नावाखाली दबून जाते.

तिसरे काम महिला मंडळाने करावे. ज्या घरात दुःख झाले तेथे आपण पुण्यानुमोदनाला जातो, सांत्वन करतो, पंचशील-त्रिसरण घेतो. त्याच घरी महिनाभराने पुन्हा जावे आणि कागदपत्रे पाहावीत. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, बँकेचे पासबुक. एका दाखल्यासाठी वर्ध्याला दोन फेऱ्या म्हणजे मायेची दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. शिकलेल्या एखाद्या युवकाने दहा घरांचे कागद एकत्र नेले तर वीस मजुऱ्या वाचतील. यालाच मी आजच्या काळातले दान म्हणतो.

चौथे काम वकिलाचे आणि मदतीच्या फोनचे. प्रत्येक मुलाला, घरची मिळकत कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या कायद्याने तो हक्क दिला आहे. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुंबईत १९९६ साली ही सेवा सुरू झाली आणि आज ती मिशन वात्सल्याचा भाग आहे. बालविवाह ठरल्याचे कळले तर आपल्या ग्रामपंचायतीचे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. हे तीन पत्ते विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत. खर्च खडूचा.

पाचवे काम युवकांचे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. बाल कल्याण समिती गेल्या तीन महिन्यांत किती दिवस बसली, किती प्रकरणे आली, किती निकाली निघाली, चार महिन्यांवर किती गेली, आणि मंजूर रकमेपैकी किती खर्च झाली, एवढेच पाच प्रश्न विचारावेत. मुलांची नावे मागू नयेत. मिळालेले उत्तर वर्षातून एकदा या स्मरणिकेतच छापावे. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते, वार्षिक जमाखर्च असतो. त्याच्या शेजारी जिल्ह्यातल्या मुलांच्या न्यायाचा जमाखर्च का नसावा?

यावर कोणी म्हणेल, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले तर ते रागावतील. माझे म्हणणे असे की बहुतेक अधिकारी रागावत नाहीत. समितीचे सदस्य, परिविक्षा अधिकारी, कक्षातले कर्मचारी यांच्यावर कामाचा बोजा असतो, जागा रिकाम्या असतात, भत्ते थकतात. त्यांची अडचण वर पोहोचवणारा आवाज त्यांनाही हवा असतो. आपण केवळ दोष काढायला गेलो तर दार बंद होईल. आपण आकडे घेऊन, त्यांची उणीव भरून निघावी म्हणून गेलो तर तेच आपल्याला वाट दाखवतील. ही मागणी मैत्रीभावाने करायची आहे, पण सोडायची नाही.

आणि दुसरे कोणी म्हणेल, जी मुले गुन्हा करतात त्यांच्यावर पैसा कशाला खर्च करायचा? त्यांना मी अंगुलिमालाची आठवण देतो. ज्याच्या भीतीने वाटा ओस पडल्या होत्या त्याला तथागतांनी संघात घेतले आणि त्याच्या हातून पुन्हा हिंसा झाली नाही. राजा प्रसेनजित त्याला पकडायला निघाला होता. त्याला बदललेला पाहून त्यानेच नमस्कार केला. तो तर मोठा माणूस होता. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराविषयी आपण एवढी आशा ठेवू शकत नसलो तर आपण कोणता धम्म स्वीकारला? मात्र सुधारणेला समुपदेशक लागतो, शिक्षक लागतो, हाताला शिकवण लागते, आणि यांतले काहीही फुकट होत नाही.

बंधू-भगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथून जवळच, नागपुरात, आपल्या वाडवडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. प्राणिमात्रांवर दया करीन, त्यांचे लालनपालन करीन, असा त्यांत आपला शब्द आहे. तो शब्द पाळण्याची एक रीत आज मी सांगितली. ती साधी आहे. मोजावे, लिहावे, विचारावे आणि पुन्हा पाहावे. येत्या ग्रामसभेत निदान एका माणसाने उठून विचारावे की आपल्या गावात निराधार मुले किती आणि त्यांपैकी किती जणांपर्यंत शासनाची मदत पोहोचली. उत्तर त्या दिवशी मिळाले नाही तरी चालेल. प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावा. लिहिलेला प्रश्न पुढच्या सभेला पुन्हा विचारता येतो.



भवतु सब्ब मंगलं! जयभीम! जय भारत!